नरखेडकडच्या आबाजींचं आयुष्य लिहायचंय: साल, बागा आणि कागद कसे जुळवायचे?

वर्धेकाठ

नमस्कार मंडळी. नरखेड तहसिलीत, वर्धा नदीच्या काठावरच्या एका गावातले संत्रा बागायतदार आबाजी फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. तेरवीला फोटोसकट दोन पानं वाटली गेली, पण त्यात आबाजी कुठेच नव्हते. 'कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ' हे तीन शब्द कोणाच्याही पत्रिकेत चालतात. आता वर्षश्राद्धापर्यंत ६४ पानांची नीट पुस्तिका काढायची, असं घरच्यांनी ठरवलंय. छपाई नागपुरात.

हाताशी काय आहे ते सांगतो. शाळेचा दाखला, त्यावर जन्मतारीख १ जुलै १९३०. धाकटे भाऊ आहेत, वय ८८, गावीच राहतात, बोलतात छान. थोरली बहीण ९६ वर्षांची, नदीपलीकडे वरूडला. एक लोखंडी पेटी आहे, तीत बैलबाजाराच्या पावत्या, सोसायटीची पासबुकं आणि चाळीसेक फोटो. घरात जुनी पितळी भांडी आहेत.

अडचण अशी की आठवणी भरपूर, साल एकही नाही. भावाला विचारलं की उत्तर येतं, 'झाले असतील पन्नास-साठ वर्षं.' जाणकारांनी नीट, बारकाईने सांगावं.

पटवारी_हलका

आधी एक समजून घ्या. नरखेड तहसील नंतर झाली. आबाजींच्या लहानपणी ते गाव काटोल तहसिलीत होतं. त्यामुळे जुना कागद मागताना अर्जावर 'मौजा अमुक, तहसील काटोल' असंही लिहा, नाहीतर 'सापडत नाही' असा शेरा येतो आणि खरं तर तो कागद शेजारच्या कपाटात असतो.

जन्मासाठी शाळेच्या दाखल्यावर विसंबू नका. १ जुलै ही तारीख मास्तरांनी अंदाजाने टाकलेली असते, शाळा उघडण्याच्या सुमाराची. त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जुलैलाच सापडेल. तुम्हाला हवं ते कोतवाल बुक. सीपीत, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांतात, गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वर्दी द्यायचा आणि ती नोंद व्हायची. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. मौजा, पटवारी हलका नंबर, बंदोबस्त नंबर, बापाचं नाव आणि सालाचा पट्टा द्या. एकच साल देऊ नका, १९२९ ते १९३४ असा पट्टा द्या.

या नोंदीत लोक कुठे अडकतात ते सांगतो. बाळाचं नाव बहुतेक नसतं, कारण वर्दी बारशाआधीच गेलेली असते. नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी', बापाचं नाव, जात आणि तारीख. बापाचं नावही बोलीतलं असतं. घरी गणपतराव असला तरी कागदात गणप्या. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'सा.' म्हणजे साकीन, राहणार. म्हणून आधी सगळ्या भावंडांचा क्रम लिहून काढा, लहानपणी गेलेली धरून. हे फार महत्त्वाचं आहे. त्या काळात दोन-तीन मुलं दगावलेली असायची आणि त्यांच्यातल्या एखाद्याची नोंद आबाजींची म्हणून उचलली जाते. जन्मानंतर दोन-तीन वर्षांच्या मृत्यूच्या नोंदीही पाहून घ्या.

शाळेचा दाखलाच नको, दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागा. त्यात शाळेत कधी घातलं, कधी नाव काढलं आणि का काढलं, ते असतं. आयुष्यातलं पहिलं वळण बहुधा त्या 'का'च्या रकान्यात सापडतं.

जमिनीचं उद्या लिहितो, तो मोठा विषय आहे.

तिथीवार

वर्धेकाठ भाऊ, वरूडच्या आजींना साल विचारू नका. सण विचारा आणि वार विचारा. त्या पिढीच्या बाया जन्म तिथीने आणि वाराने लक्षात ठेवत.

वर्धेकाठ

तिथीवार ताई, काल विचारलं. त्या म्हणाल्या, 'आई सांगे, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाला, गुरुवार होता, म्हणून आई त्याचा गुरुवार धरे.' सालाचं काहीच नाही.

तिथीवार

एवढं पुरतं.

पोळा श्रावण अमावास्येला आणि तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला. नागपुरात मारबती निघतात तोच दिवस. आता १९३१, १९३२ आणि १९३३ ही तीन सालं तपासू. १९३१ साली ही प्रतिपदा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, शनिवार-रविवारच्या सुमारास येते. १९३३ साली ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सोमवार-मंगळवारच्या सुमारास. १९३२ साली अमावास्या ३१ ऑगस्टला बुधवारी होती आणि तान्हा पोळा १ सप्टेंबरला, गुरुवारी. शके १८५४, अंगिरा संवत्सर. गुरुवार या तिन्हींत फक्त इथेच बसतो. १९३० आणि १९३४ सुद्धा अशीच पाहून घ्या, म्हणजे शंका उरणार नाही.

शकाचं इसवी सन करताना सरसकट ७८ मिळवू नका. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. माघ-फाल्गुनातली लग्नं या एका चुकीने वर्षभर मागे सरकतात. विदर्भातली बरीच लग्नं त्याच महिन्यांतली असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तरी पुस्तिकेत अजून तारीख टाकू नका. कोतवाल बुकात सप्टेंबर १९३२ची 'मुलगा' अशी नोंद मिळाली, तरच टाका. वर्दी काही दिवस उशिरा गेलेली असू शकते, तारीख हुबेहूब जुळलीच पाहिजे असं नाही.

जंभेरी

मंडळी, कागद आणि पंचांग बरोबर आहे, पण माणूस संत्र्याचा आहे हे विसरू नका. संत्रा बागायतदाराचं आयुष्य सालांनी मोजलं जात नाही, बागांनी मोजलं जातं.

हिशेब पाहा. जंभेरी लिंबाच्या खुंटावर डोळा बांधलेलं कलम लावलं की पाचव्या-सहाव्या वर्षी पहिला बहार (फुलाफळाचा हंगाम) धरता येतो. चांगली निगा असली तर पंचवीस-तीस वर्षं झाड परवडतं. मग डिंक्या, शेंडेमर, मुळकूज असे रोग, आणि शेवटी बाग उपटावी लागते. जमिनीला दोन-चार वर्षं विसावा देऊन पुन्हा लावायची. म्हणजे नव्वदी गाठलेल्या माणसाच्या हातून जास्तीत जास्त तीन बागा होतात. भावाला विचारा, आबाजींनी किती बागा लावल्या? उत्तर लगेच येईल, बागायतदाराला मुलांचे जन्म एकवेळ आठवणार नाहीत, बाग आठवते. पुस्तिकेची प्रकरणं तिथेच पडली: पहिली बाग, दुसरी बाग, तिसरी बाग. बाकी सगळं, लग्नं, मरणं, भांडणं, घर बांधणं, त्या बागेच्या वयावर बसवा. 'थोरलीचं लग्न झालं तेव्हा बाग कितव्या बहाराला होती?' हा प्रश्न विचारून पाहा.

प्रत्येक बागेबद्दल काय विचारायचं ते सांगतो. झाडं किती आणि अंतर किती फूट. कलमं कुठून आणली, कोणी बांधली. बहार कोणता धरत, मृग की आंबिया. आंबियासाठी डिसेंबर-जानेवारीत ताण (झाडाचं पाणी तोडणं), फूल जानेवारी-फेब्रुवारीत, तोड ऑक्टोबर ते डिसेंबर. मृगासाठी उन्हाळ्याच्या शेवटी ताण, पहिल्या पावसावर फूल, तोड पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. भारी काळ्या जमिनीत ताण दीड-दोन महिने लागतो, हलकीत महिनाभरात पानं मान टाकतात. आबाजींनी बहार कधी बदलला आणि का बदलला, हे नक्की विचारा. बहार बदलणं म्हणजे विहिरीचं पाणी बदललं. जिथे मे महिन्यात विहीर तळाला जाते तिथे आंबियाचं फळ उन्हाळ्यात झाडावर तगत नाही, गळून पडतं. माणूस नाइलाजाने मृगाकडे वळतो. त्या एका निर्णयात त्या भागातल्या भूजलाची सगळी कहाणी येते.

पाणी कसं काढत, तेही बागागणिक विचारा. मोट होती तेव्हा धाव (बैलांची उतरती वाट) किती लांब होती, बैल कोणते, पहाटे किती वाजता जुंपत. मोट हाकताना सोल आणि नाडा हे दोन दोर वेगळे: नाडा मोटेच्या तोंडाला, सोल सोंडेला. भाऊ हे शब्द आपसूक वापरतील, ते तसेच ठेवा. मग ऑईल इंजिन, मग विजेचा पंप, मग बोअर. हे चार टप्पे ज्या क्रमाने आले तो क्रम माणसं चुकत नाहीत.

रोगाचं: झाडाच्या बुंध्याला पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो मलम लावत का? मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. चुना आणि मोरचूद वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं, आणि ते भांडं लोखंडी नको, नाहीतर मोरचूद लोखंडालाच खातं. आबाजी हे मातीच्या रांजणात करत की प्लास्टिकच्या ड्रमात, यावरूनही दशक कळतं.

विक्रीचं: पूर्वी संत्रा नगावर जायचा, शेकड्याने, हजाराने. काटोल-नरखेड इटारसीच्या लाइनवर असल्याने माल रेल्वेने चढायचा. नागपूर स्टेशनच्या पूर्वेकडच्या संत्रा मार्केटचं नाव अजून तेच आहे, व्यवहार मात्र कळमन्याला गेला. बाग ठोक विकत होते की स्वतः तोडून नेत होते, हे विचाराच. ठोक विकणारा आणि स्वतः नेणारा यांच्या स्वभावात फार फरक असतो, आणि तो फरक 'कष्टाळू' या शब्दाने सांगता येत नाही.

पटवारी_हलका

जंभेरी काकाजींनी सांगितलं ते सोनं आहे. त्याला कागदाची जोड देतो.

नागपूर जिल्हा मालगुजारीचा, म्हणजे गावचा सारा मालगुजार गोळा करून सरकारला भरायचा. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी गेली. त्याआधीच्या कागदात आबाजींच्या वडिलांपुढे काय लिहिलंय ते नीट वाचा: सीर आणि खुदकाश्त म्हणजे मालगुजाराची स्वतःची जमीन, मालिक मकबुजा म्हणजे तुकड्याचा मालक, नाहीतर साधा काश्तकार. पुढे १९५४-५५चा अधिकार अभिलेख, विदर्भातला हा सगळ्यात कामाचा कागद. मग मध्य प्रदेशच्या कायद्याने भूमिस्वामी-भूमिधारी हे शब्द आले, आणि १९६७ पासून महाराष्ट्राच्या संहितेचे भोगवटदार वर्ग. जमीन तीच, माणूस तोच, शब्द तीन राज्यांचे. घरचे हे शब्द पाहून 'जमीन आधी आपली नव्हती' असा भलताच अर्थ काढतात. तसं नसतं.

नदीपलीकडचं वरूड मात्र वऱ्हाडात. तिकडे मालगुजारी नव्हती, रयतवारी होती, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा. बहिणीच्या सासरचे कागद तुम्हाला याच नमुन्यात सापडणार नाहीत. तिकडे शोधताना हे शब्द डोक्यातून काढून टाका.

बागांचं साल काढायला सातबाऱ्यातला बारा, म्हणजे गाव नमुना १२ मागा, वर्षावर्षाचा. पीकपाहणीत 'संत्रा' ज्या वर्षी प्रथम आला, त्याच्या आसपास लावणी. पण पटवारी लहान झाडं धरत नसे, आंतरपीकच लिहायचा. बागेत पहिली काही वर्षं कापूस-तूर असतेच. म्हणून संत्रा कागदावर दोन-चार वर्षं उशिरा दिसतो. आणि उपटल्यावरही एखाद-दोन वर्षं जुनी नोंद तशीच ओढलेली दिसते.

वर्धेकाठ

जंभेरी काकाजी, खरंच लगेच उत्तर आलं. तीन बागा. पहिली 'नये पैसे आल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात', अडीच एकर, पावणेतीनशे झाडं, कलम दोन आणे नग, विहीर सात पुरुष खोल. दुसरी बाग पहिल्या बहाराला आली ती आमच्याच तहसिलीतल्या, वर्धेकाठच्या मोवाडच्या पुराच्या वर्षी. तिसरी अजून उभी आहे. पण 'नये पैसे' आणि 'दोन आणे' एकत्र कसे?

शेर_पायली

यात विरोध काही नाही. नये पैसे १ एप्रिल १९५७ला आले. रुपयाचे १६ आणे गेले, १०० नये पैसे आले. लोकांच्या तोंडी मात्र आणे पुढे पंचवीस वर्षं राहिले. चार आणे म्हणजे २५ पैसे, दोन आणे म्हणजे हिशेबाने साडेबारा, व्यवहारात १२. म्हणून 'आणे' ऐकून साल १९५७च्या आधी ढकलू नका, ही फार सर्रास चूक आहे. उलट भोकाचा पैसा म्हटलं तर तो पुरावा धरता येतो, कारण तो १९४३ ते १९४७ एवढ्याच काळात पाडला गेला, मात्र तो चलनात पुढेही काही वर्षं होता.

दुसरा पावसाळा म्हणजे १९५८. मेट्रिक वजनं त्याच सालच्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आली. तेव्हा पहिल्या बागेच्या सुरुवातीचं सगळं मण-शेरातच असणार. शेर ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम. मण ४० शेरांचा, सुमारे ३७.३ किलो. पुस्तिकेत मूळ माप ठेवा आणि पहिल्या वेळेला आकडा किलोत द्या, दर ओळीला नको. पायली-कुडवाचं रूपांतर करायच्या भानगडीत पडू नका. ती मापं गावागणिक वेगळी.

झाडांचा आकडा तपासला. एकर ४३,५६० चौरस फूट. वीस बाय वीस फुटांवर एकरी १०८ झाडं, अडीच एकरात २७० ते २७२. भावाचे 'पावणेतीनशे' चोख आहेत. याचा अर्थ अंतर वीस फूट होतं आणि भावाच्या आकड्यांवर भरवसा ठेवायला हरकत नाही. अठरा फूट असतं तर सव्वातीनशेच्या वर गेले असते.

'सात पुरुष'चं गणित करू नका. पुरुष कोणी डोक्यापर्यंत धरतं, कोणी हात वर करून. विहीर अजून असेल तर दोराला दगड बांधून सोडा आणि मोजा. पुढे किती खोल केली तेही विचारा, खालचे थर नंतरचे असतात.

जंभेरी

शेर_पायली भाऊ, झकास. दुसऱ्या बागेचंही बघा. मोवाडचा पूर ३० जुलै १९९१चा. त्या वर्षी पहिला बहार, म्हणजे लावणी १९८५ किंवा १९८६च्या पावसाळ्यात. नागपूरला लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही त्याच सुमाराचं. कलमं कुठून आणली हा प्रश्न दुसऱ्या बागेला जास्त जोर देऊन विचारा.

तिथीवार

सालं बांधायला नागपूरकडच्या माणसासाठी काही खुंट्या देते. 'हे आधी की नंतर?' एवढंच विचारायचं. ३० जानेवारी १९४८, गांधीजींची हत्या. १४ ऑक्टोबर १९५६, दीक्षाभूमीवरचा धम्मदीक्षा सोहळा, तेव्हा गावोगावचे लोक पायी आणि रेल्वेने नागपूरला आले होते. १ नोव्हेंबर १९५६, राजधानी नागपुरातून भोपाळला गेली. १ मे १९६०. १९७२चा दुष्काळ. ३० जुलै १९९१. २३ नोव्हेंबर १९९४, गोवारींची चेंगराचेंगरी. २२ मे १९९७, जबलपूरचा भूकंप. दोन खुंट्यांमध्ये घटना सापडली की पट्टा अरुंद करत जायचं. 'त्या साली लाईट आला होता का?', 'मधल्याचा जन्म झाला होता का?' तीन-चार प्रश्नांत दोन वर्षांवर येतो.

भांडी विसरू नका. पितळी गुंड, कोपर, परात यांच्या काठावर नाव, गाव आणि बहुतेकदा तारीख कोरलेली असते. चिंच-राखेने घासून अक्षरं पुसट झाली असतील, तर काठावर तिरपा उजेड टाका, किंवा पातळ कागद ठेवून वरून मऊ पेन्सिल फिरवा. आंदणाच्या भांड्यावर वधूपित्याचं नाव असतं, त्यावरून लग्नाचं साल पक्कं होतं.

आवाज_जतन

आता मुलाखतीचं, कारण भाऊ ८८ आणि बहीण ९६, कागद थांबतील, ही दोन माणसं थांबणार नाहीत. आधी बहीण, मग भाऊ, मग तहसील कचेरी. क्रम उलटा करू नका.

फोनचा रेकॉर्डर चालतो. वेव्ह फाईलचा पर्याय निवडा, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. तासाला साधारण ३४५ एमबी होतात, जागा आधी मोकळी करा. फोन विमान मोडवर. घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलाची ठकठक येत नाही, आणि बोलणाऱ्याच्या तोंडापासून हात-दीड हातावर. पंखा बंद. नागपूरकडे मार्चनंतर कूलर सुरू झाला की रेकॉर्डिंग संपलं म्हणून समजा, तो घुमारा नंतर काढता येत नाही आणि शब्दांचे शेवट गिळतो. म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी चहानंतर. पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नका. कवळी लावायला सांगा, नाहीतर 'श' आणि 'स' कळत नाहीत. ऐकू कमी येत असेल तर ओरडू नका. वय झाल्यावर पहिल्यांदा उंच पट्टीच जाते, तेव्हा आवाज खालच्या पट्टीत आणि शब्द सुटे, चांगल्या कानाच्या बाजूला बसून.

खोलीत एकाच वेळी एकच नातेवाईक. चार जण बसले की सून दुरुस्ती करते, मुलगा गोष्ट पूर्ण करतो आणि आजी गप्प होतात. वस्तू हातात द्या. पेटीतली बैलबाजाराची पावती वाचून दाखवा: रंग, शिंगं, दाती (दातांवरून वय). 'चार दाती' ऐकलं की भाऊ त्या बैलाचं नाव सांगतील.

लिहून काढताना बोली सुधारू नका. 'करून राहिला होता', 'काऊन', 'तिकडून येजो' हे तसंच. 'तो काम करत होता' असं केलं की आवाज गेला. तासाभराच्या बोलण्याला लिहून काढायला पाच-सहा तास लागतात, तेवढा वेळ धरून चला. मूळ फाईल तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी.

खिळे_जुळारी

फोटो आणि छपाई. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढू नका. कडेने डेंटल फ्लॉस (दातांत फिरवायचा दोरा) हळू सरकवा. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो काचेतूनच स्कॅन करायचा, सोडवायला गेलात तर चेहरा काचेवर राहतो. ६०० डीपीआय, टिफ. तीन बाय चार इंचाचा फोटो त्याने सहा बाय आठ इंच छापता येतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून पाठवला की बारीक होतो. मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलने, बॉलपेन पुढून उठतं. लॅमिनेशन कधीच नको.

पिन बायंडिंगला पानं चारच्या पटीत. ६४ बरोबर आहे. आत ८० किंवा ९० जीएसएम मॅपलिथो कागद, फोटोंची आठ पानं मध्ये आर्ट पेपरवर एकत्र, मुखपृष्ठ २५० ते ३०० जीएसएम. वाचणारे निम्मे साठीपुढचे, तेव्हा अक्षर १४ पॉइंट. दोन-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल परवडतं, पुढे ऑफसेट.

मजकूर युनिकोडमध्ये देणार आणि छापखाना जुन्या फॉन्टवर असेल तर रूपांतर होतं, आणि ठरलेल्या जागी मोडतं: बऱ्याच, वऱ्हाड, तऱ्हा यांतला 'ऱ', 'ॲ'ची चंद्रकोर, आणि रफार. तुमच्या पुस्तिकेत 'वऱ्हाड', 'पटवाऱ्याने' असे शब्द पानोपानी येणार. प्रूफ वाचताना फक्त याच अक्षरांसाठी एक वेगळी फेरी करा.

पटवारी_हलका

एक इशारा. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र यांच्या नकला पुस्तिकेत छापू नका. त्यांतून निघालेलं साल आणि वाक्य घ्या, कागद घरी ठेवा. हिस्सेदारांची नावं, गट नंबर आणि सह्या २५० घरांत वाटल्या गेल्या की जुना वाद नव्याने उठतो. कर्ज होतं, बाग गहाण होती, हे मात्र गाळू नका. सोसायटीच्या पासबुकात दिसतंय ना? मग लिहा, आणि कधी फिटलं तेही लिहा.

वर्धेकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कोतवाल बुकाची नक्कल मिळाली. ४ सप्टेंबर १९३२, बापाच्या नावापुढे 'मुलगा'. पुढच्या तीन वर्षांत त्या घरचा मृत्यू नाही. म्हणजे दाखल्यावरचं वय दोन वर्षांनी जास्त होतं. आबाजी ९२ पूर्ण करून गेले.

लग्नाचंही साल लागलं, गुंडाच्या काठावर 'सन १९५५' निघालं. दुसऱ्या बागेच्या प्रकरणाची सुरुवात अशी केलीय, पाहून सांगा:

'दुसरी बाग १९८६च्या पावसाळ्यात लावली. अंतर वीस फूट, खुंट जंभेरी. पहिल्या बागेचं पाणी मोटेवर होतं, हिचं पाच हॉर्सपावरच्या पंपावर. बहार आंबिया. ३० जुलै १९९१ला वर्धेला पूर आला आणि नदीकडच्या चार ओळींत पाणी शिरलं. त्याच वर्षी बागेचा पहिला बहार विकला.'

जंभेरी

भाषा अशीच ठेवा, एक विशेषण नाही आणि माणूस दिसतो. पण शेवटची दोन वाक्यं एकमेकांना धरून नाहीत. आंबियाचं फळ जुलैअखेर हिरवं असतं, लिंबापेक्षा थोडं मोठं. तोड नोव्हेंबरात. मुळाशी पाणी साचून राहिलं तर फळगळ होते, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच झाडांच्या बुंध्याला डिंक सुटतो. म्हणजे एकतर त्या चार ओळींचं फळ गेलं आणि उरलेल्या बागेचं विकलं, किंवा पाणी दिवसभरात ओसरलं आणि बाग वाचली. दोन्ही शक्य आहे. भावाला विचारा: पाणी ओळींत किती दिवस होतं, आबाजींनी चर खोदून काढलं का, आणि १९९२ला त्या चार ओळींतली किती झाडं उभी होती?

वर्धेकाठ

रविवारी गावी जातो. पावती आणि पेटी सोबत नेतो.